बाजाराच्या दिवशी पॅच नको

आमच्याकडे बुधवारी बाजार भरतो. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतली माणसं त्या दिवशी येतात, मिरची, चपला, बियाणं घेतात आणि आलोच आहोत तर दवाखानाही करून जातात. एरवी ओपीडीत शंभर केसपेपर निघतात, बुधवारी दोनशे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बुधवारी सकाळी औषधाच्या खिडकीवरून सिस्टरनी मला हाक मारली, "भाऊ, हे काय चौकोन-चौकोन येऊन राहिले?"

लेबल प्रिंटरमधून निघालेली चिकटपट्टी त्यांच्या हातात होती. औषधाचं नाव इंग्रजीत नीट छापलेलं, आणि त्याखाली जिथे "सकाळी १, रात्री १, जेवणानंतर" यायला हवं, तिथे ओळीने रिकामे चौकोन. खिडकीबाहेर एक आजी उभ्या होत्या, सोबत सातवीतली नात. घरी आजीचं औषध तीच वाचून देते. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हे वाचताच येऊन नाही राहिलं." फार्मासिस्टनी पेन काढलं, पाकिटावर एक सूर्य आणि एक चंद्र काढला, आणि दोन्हींच्या खाली एकेक गोल काढून गोळी किती ते दाखवलं. दुपारी दोनपर्यंत प्रत्येक पाकिटावर हे हातानेच काढावं लागलं.

दवाखान्यातले संगणक मी सांभाळतो. आदल्या रात्री मी सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे राहतात त्या मुख्य संगणकावर, एक पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची छोटी दुरुस्ती, टाकला होता. त्यानंतर लेबल छापणाऱ्या भागाने देवनागरी फॉन्ट सोडून भलताच फॉन्ट उचलला होता. पॅच गरजेचाच होता. दिवस चुकीचा निवडला आणि लेबल छापून पाहिलं नाही, या दोन चुका माझ्या होत्या. तेव्हापासून पॅचकडे मी संगणकाचं काम म्हणून पाहत नाही, रुग्णाच्या सेवेचा भाग म्हणून पाहतो. विदर्भातल्या छोट्या दवाखान्यांत, ट्रस्टच्या हॉस्पिटलांत माझ्यासारखं काम करणारे बरेच जण आहेत. बहुतेकांना हे कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून सगळं मुळापासून लिहितो.

मिरग लागायच्या आधी गावात कवेलू फेरायचं काम निघतं. वांदरांनी वर्षभर उड्या मारून फोडलेली, सरकवलेली कवेलू उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा नीट रचायची. घर तेच राहतं, गळती बंद होते. पॅच म्हणजे हेच काम. सॉफ्टवेअर लिहिताना राहून गेलेली चूक दुरुस्त करणारा छोटा तुकडा, अख्खं सॉफ्टवेअर न बदलता फक्त तेवढीच जागा बदलणारा. कधी तो हिशेबाची चूक सुधारतो. कधी नवी सोय देतो, जसं केसपेपरवर १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक) लिहायची जागा. आणि कधी तो बाहेरच्या माणसाला आत शिरता येईल अशी फट बुजवतो. या तिसऱ्या प्रकाराला सुरक्षा पॅच म्हणतात आणि उशीर केलेला सगळ्यात जास्त महागात पडतो तो यातच.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घराच्या छपरातली फट पाऊस आल्यावरच कळते. सॉफ्टवेअरमधली फट मात्र पॅच निघाला त्याच दिवशी जगजाहीर होते, कारण कंपनीने काय बदललं हे जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून कुणालाही ताडून पाहता येतं. म्हणजे दुरुस्ती निघाल्यापासून तुम्ही ती टाकेपर्यंतचे सगळे दिवस, चोराला कुठलं कवेलू सैल आहे ते माहीत असतं आणि तुमच्या घरावर ते अजून सैलच असतं.

२०१७ मध्ये हे साऱ्या जगाने पाहिलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारा पॅच दिला. संगणक एकमेकांना नेटवर्कवरून फायली देतात, त्या वाटेवरची ती फट होती. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा रॅन्समवेअर त्याच फटीतून दीडशेच्या आसपास देशांत पसरला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फायलींना कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी (हॉस्पिटलं आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या तिथल्या संस्था) किमान ८० ट्रस्टना फटका बसला आणि सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज निघाला. तिथल्या बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं. त्याच्यासाठी पॅच उपलब्ध होता, टाकलेला नव्हता.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. जवळजवळ दोन आठवडे ओपीडी, भरती, लॅब हे सगळं कागदावर चाललं. नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, असं सरकारने नंतर संसदेत सांगितलं. रुग्णांची माहिती परत मिळाली, कारण एका बॅकअप सर्व्हरला धक्का लागला नव्हता. बॅकअपबद्दल पुढे लिहिणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

आमच्यासारख्या ठिकाणी लोक म्हणतात, एवढ्याशा दवाखान्यावर कोण कशाला हल्ला करेल? असा प्रोग्राम गाव बघून शिरत नाही. इंटरनेटवर उघडी दिसेल ती वाट तो आपोआप चाचपतो. आणि आत काय जाईल याचा विचार करा. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. रात्री दोन वाजता एखादं लेकरू अंगभर ठणका घेऊन येतं, आईला आधी रक्त कधी चढवलं ते नक्की आठवत नसतं, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती तेही नाही. ते सगळं स्क्रीनवर असतं. तो स्क्रीन उघडला पाहिजे, यासाठी हा सारा खटाटोप.

पॅच एकाच जागी टाकून भागत नाही. रुग्णनोंदींच्या सिस्टीमचे थर असतात. सगळ्यात खाली ऑपरेटिंग सिस्टीम, विंडोज किंवा लिनक्स. त्यावर डेटाबेस, ज्यात खऱ्या नोंदी राहतात. त्यावर ज्याच्या खिडक्या आपण रोज उघडतो ते सॉफ्टवेअर. आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटात इतरांनी लिहिलेले तयार सुटे भाग, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' नावाच्या अशाच एका भागात फट सापडली. कामकाजाच्या नोंदी लिहून ठेवणं एवढंच त्याचं काम, पण तो जगभरातल्या असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेला होता. धोक्याला दहापैकी दहा गुण मिळाले. तेव्हा कळीचा प्रश्न एकच होता: आपल्या सिस्टीममध्ये तो आहे का? सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलंय त्यांच्याकडून आत कोणकोणते सुटे भाग आहेत याची यादी आजच लेखी मागून ठेवा. गरज पडेल त्या दिवशी फोन लागत नाही.

आता पॅच टाकायचा कसा. सिस्टर लोकांना हे समजावताना मला एक गोष्ट जाणवली: ही शिस्त त्यांना आधीपासून येते. लसीकरणाच्या दिवशी त्या जे करतात तेच इथे करायचं आहे.

बाळाच्या पेंटा लसीचा डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतो. दुसरा दिल्याशिवाय तिसरा देत नाही. पॅचचंही तसंच असतं. प्रत्येक पॅचसोबत एक माहितीपत्रक येतं आणि त्यात आधी कोणते पॅच टाकलेले असले पाहिजेत ते लिहिलेलं असतं. हे पत्रक पूर्ण वाचायचं, घाईतही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांसाठी 'व्हिस्टा' नावाची जुनी नोंदप्रणाली आहे, 'मम्प्स' भाषेत लिहिलेली. तिच्या पॅचच्या नावातच तीन गोष्टी असतात: कोणत्या विभागाचा, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कितवा. टाकताना ती सिस्टीम स्वतःच विचारते की पॅच चढेपर्यंत वापरणाऱ्यांचे मेनू बंद ठेवायचे का. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असा प्रश्न येत नसेल तर तो आपणच स्वतःला विचारायचा आणि सगळ्यांना बाहेर काढूनच काम सुरू करायचं. लॅबमधला एखादा संगणक रिपोर्ट अर्धवट भरून उघडा राहिलेला असतोच. मी स्वतः फिरून बघतो.

लस देण्याआधी व्हायलवरचं नाव, मुदत आणि बॅच बघतात. पॅचची फाईल खरी आहे का हे बघायला चेकसम असतो. कापसाची गाडी घरून निघताना वजन करतात आणि जिनिंगवर पुन्हा करतात. आकडा जुळला तर वाटेत काही गेलं नाही. चेकसम हा फाईलच्या वजनाचा आकडा समजा, पण काटा फार नाजूक: फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सगळा आकडा बदलतो. देणाऱ्याने त्यांच्या अधिकृत जागी दिलेला आकडा आणि आपल्याकडे उतरलेल्या फाईलचा आकडा जुळला नाही तर फाईल वापरायची नाही. आमच्याकडे नेट मध्येच तुटतं, त्यामुळे अर्धवट उतरलेली फाईल मला दोनदा अशीच सापडली. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा कुणाच्या पेनड्राईव्हवरून आलेला पॅच तर कधीच घ्यायचा नाही, देणारा कितीही ओळखीचा असो.

मग टेस्ट डोस. पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी हातावर थोडं टोचून वाट बघतात ना, तसा पॅच आधी दुसऱ्या संगणकावर टाकायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. आम्ही ऑफिसमधून काढलेला एक जुना डेस्कटॉप घेतला, रॅम वाढवली आणि त्यावर सिस्टीमची हुबेहूब प्रत उभी केली. त्यात खऱ्या रुग्णांची नावं ठेवू नका, ती बदलून टाका. नाहीतर कुलूप नसलेल्या खोलीत सगळ्या गावाचे आजार उघडे पडतील. या प्रतीवर पॅच टाकल्यावर मी जे तपासतो त्यातलं बरंचसं त्या बुधवारने शिकवलं. लेबल मराठीत छापतंय का, हे पहिलं. बाळाचं वजन ८.५ टाकलं तर ८.५ च राहतंय का, ८५ होत नाही ना. तारीख दिवस-महिना अशीच आहे का. ही चूक फार फसवी असते, कारण ४ मे ची ५ एप्रिल झाली तरी दिसायला दोन्ही तारखा बरोबरच दिसतात आणि लसीचा पुढचा डोस महिनाभर चुकतो. अ‍ॅलर्जीची सूचना लाल रंगात वर येतेय का. हिमोग्लोबिनचं एकक बदललं नाही ना. आणि एक तपासणी मी स्वतः करत नाही, सिस्टरना आणि लॅबच्या ताईंना खुर्चीत बसवून त्यांचं रोजचं काम करायला लावतो. मला जे कधी दिसलं नसतं ते त्यांना पाच मिनिटांत दिसतं.

बॅकअप. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच शब्दाबद्दल आहेत. "बॅकअप रोज होतो" असं सगळे सांगतात. तो परत चढवून कधी पाहिलात, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. परत न चढवलेला बॅकअप म्हणजे न उगवून पाहिलेलं बियाणं. पेरणीच्या आधी शेतकरी गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवतात ते बघतो, मग आपण का बघू नये? दर तीन महिन्यांनी त्या जुन्या डेस्कटॉपवर बॅकअप पूर्ण चढवायचा आणि नोंदी मोजायच्या. प्रती तीन ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. आमची बाहेरची हार्ड डिस्क ट्रस्टच्या सचिवांच्या घरी कपाटात असते, पासवर्ड लावलेली. कुठल्याही तारेला न जोडलेली प्रत रॅन्समवेअरच्या हाताला लागत नाही.

पॅच टाकण्याआधी ताजा बॅकअप घ्यायचा आणि तीन आकडे कागदावर लिहायचे: एकूण रुग्ण किती, शेवटचा केसपेपर क्रमांक कोणता, शेवटचा लॅब रिपोर्ट कोणता. पॅचनंतर तेच आकडे पुन्हा बघायचे.

पॅच बिघडला तर मागे जाता येतं का? इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही. काही पॅच फक्त सॉफ्टवेअर बदलतात, ते काढता येतात. काही पॅच डेटाबेसची मांडणीच बदलतात, जणू रजिस्टरमध्ये नवे रकाने आखतात. अशा पॅचनंतर सकाळी ओपीडी सुरू झाली, साठ रुग्णांच्या नोंदी नव्या रकान्यांत भरल्या गेल्या, आणि दुपारी तुम्ही कालचा बॅकअप चढवला, तर ते साठ रुग्ण गायब. म्हणून राहायचं की मागे फिरायचं हा निर्णय ओपीडीची पहिली चिठ्ठी फाडण्याआधी झालाच पाहिजे. मी वेळ ठरवून ठेवली आहे. रविवारी दुपारी तीनला काम सुरू करतो. सहापर्यंत सगळं जुळलं नाही तर मागे फिरतो, मग दोष कितीही किरकोळ वाटो.

रविवार, कारण सोमवारी आमच्याकडे गर्दी कमी आणि बुधवारच्या बाजाराला दोन दिवस हातात राहतात. तुमचा बाजार सोमवारी असेल तर तुमचा दिवस वेगळा निघेल. पोळ्याच्या आसपास, किंवा कपाशीवर फवारणी जोरात असताना मी मोठं काम काढत नाही, कारण फवारणीत विषबाधा झालेला माणूस कुठल्याही क्षणी येऊ शकतो. मे-जूनमधल्या वादळी संध्याकाळी तर मुळीच नाही. पॅच अर्ध्यावर असताना लाईन गेली तर डेटाबेस मोडू शकतो. सर्व्हर, राऊटर आणि आपण बसतो तो संगणक असे तिन्ही इन्व्हर्टरवर आहेत का ते आधी बघा. सर्व्हर चालू राहिला आणि समोरचा संगणकच बंद पडला, तर पॅच कुठवर गेला ते कळायला मार्ग नसतो. आणि त्या तीन तासांसाठी कॅज्युअल्टीत छापील कोरे केसपेपर तात्पुरते क्रमांक घालून ठेवायचे. नंतर त्या नोंदी सिस्टीममध्ये कोण भरणार, तेही नावानिशी ठरवायचं.

पॅच आला की किती दिवस थांबायचं, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी, क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं. कंपनीने ते ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले होते, त्यात हॉस्पिटलंही होती. हा हल्ला नव्हता, तपासणीतून निसटलेली चूक होती. म्हणजे डोळे मिटून लगेच टाकणंही धोक्याचं. माझं मत असं: मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्या आठवड्याच्या रविवारी ते टेस्टच्या संगणकावर टाकायचे, पुढच्या रविवारी सर्व्हरवर. एवढं अंतर पुरेसं आहे. पण त्या फटीतून हल्ले सुरू झाल्याची सूचना सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) किंवा कंपनीने दिली, तर रविवारची वाट बघायची नाही. त्याच रात्री टेस्ट करून टाकायचा. महिनोन्‌महिने थांबण्याला मात्र कुठलंच कारण पुरत नाही.

नेट हळू आहे हे कारण मी बऱ्याचदा ऐकतो. विंडोजच्या अपडेट कित्येकदा शेकडो एमबीच्या असतात आणि वीस संगणक एकदम उतरवू लागले की दिवसभर नेट ठप्प होतं, हे खरं आहे. पण एका संगणकाने उतरवलेली अपडेट लॅनमधल्या, म्हणजे दवाखान्याच्या आतल्या नेटवर्कमधल्या, इतर संगणकांना देण्याची सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू करा आणि उतरवण्याची वेळ रात्रीची ठेवा.

ज्या आरोग्य केंद्रांत सरकारी वेबसाइटवर नोंदी होतात, तिथे सर्व्हर दुसरे लोक सांभाळतात. तरीही तुमचा संगणक, ब्राउझर, राऊटर आणि नोंदीसाठी दिलेला मोबाईल यांचे पॅच तुमच्याकडेच राहतात. राऊटर तर सगळेच विसरतात, बसवला त्या दिवसाचं सॉफ्टवेअर आणि त्या दिवसाचाच पासवर्ड वर्षानुवर्षं चालू असतो. विंडोज ७ च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला बंद झाल्या आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. ज्याला पॅच मिळणंच बंद झालं आहे तो संगणक इंटरनेटवर ठेवू नये.

लॅबमधल्या सेल काउंटरसारख्या (रक्तपेशी मोजणाऱ्या) यंत्राला जोडलेला संगणक ही वेगळी अडचण आहे. त्यावर बहुधा जुनंच विंडोज असतं, आणि कंपनीने मंजूर केलेला नसलेला पॅच टाकला तर यंत्राचं वाचन बिघडू शकतं. तिथे स्वतःच्या मनाने हात घालू नका. कंपनीकडून लेखी घ्या, आणि तोवर त्याला इंटरनेट नको, पेनड्राईव्ह नको, रिपोर्ट पाठवण्यापुरती एकच वाट उघडी ठेवा.

एवढं करूनही कुणी आत शिरलंच, तर नेटवर्कची तार काढा पण यंत्रातलं काही पुसू नका. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते. त्यांचा ईमेल पत्ता आणि फोन नंबर सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर चिकटवून ठेवा, संगणकात ठेवलेला त्या दिवशी उघडणार नाही.

लस दिल्यावर बाळाला अर्धा तास बसवून ठेवतात. पॅचनंतरच्या सोमवारी सकाळी मी तसाच औषधाच्या खिडकीशी बसतो, पहिली वीस लेबलं निघेपर्यंत. मग वहीत लिहितो: तारीख, पॅचचं नाव आणि क्रमांक, कोणत्या संगणकावर, चेकसम जुळला का, टेस्ट कुणी केली, बॅकअप कुठे आहे, आधीचे आणि नंतरचे आकडे, काय बिघडलं, कुणी ठीक केलं. टाकायचा राहिलेला पॅचही लिहितो, का राहिला त्यासकट, म्हणजे मी रजेवर असलो तरी माझ्या जागी येणाऱ्याला अंदाज करत बसावं लागत नाही. वही कागदाचीच आहे, कारण सर्व्हर बंद असताना तीच वाचायची असते. लसींच्या फ्रिजच्या तापमानाची वही सिस्टर दिवसातून दोनदा भरतात, दोन ते आठ अंशांमध्ये आहे का ते बघून. पॅचची वही तिच्या शेजारच्याच खिळ्याला टांगलेली आहे, पेन दोऱ्याने बांधून.